जिना मोकळा ठेवा

एप्रिल महिना अर्ध्यावर आला की महाराष्ट्रातील अनेक बाजारपेठांत एक दृश्य पाहावयास मिळते. अग्निशामक दलाची लाल गाडी बाजाराच्या तोंडाशी येऊन उभी राहते. गणवेशातील एक अधिकारी व काही जवान खाली उतरतात. रस्त्यावर लोखंडी घमेले ठेवून त्यात थोडे इंधन पेटवले जाते आणि एखाद्या दुकानातील नोकराच्या हाती लाल सिलिंडर देऊन त्याच्याकडूनच ती आग विझवून घेतली जाते. हमाल, गुमास्ते, शाळेतून परतणारी मुले कोंडाळे करून उभी असतात. दुकानाचे मालक बहुधा गादीवरूनच मान उंचावून पाहतात. समोर गिऱ्हाईक असते, हिशेब अर्धवट असतो. प्रात्यक्षिक संपते, टाळ्या वाजतात, माहितीपत्रके वाटली जातात.

त्यानंतर अधिकारी गल्लीतून एक फेरी मारतात. इमारतीच्या जिन्यात शिरून वर पाहतात. वळणावर रिकाम्या खोक्यांची चळत, पहिल्या माळ्याच्या पायऱ्यांवर कापडाचे गठ्ठे, विजेच्या मीटरखाली रद्दी, असा तो जिना असतो.

“शेठ, एवढा जिना तेवढा मोकळा करा.”

“हो साहेब, आज संध्याकाळीच हलवतो.”

गाडी निघून जाते. माल तेथेच राहतो. पुढच्या एप्रिलमध्ये अधिकारी कदाचित बदललेले असतात, संवाद मात्र तोच असतो.

या संवादातील दोन्ही माणसे सज्जन आहेत. व्यापाऱ्याचीही अडचण खरी आहे. शहरातील बाजारात हातभर जागेलाही मोल द्यावे लागते, सणासुदीच्या आधी माल एकदम उतरतो आणि जिन्याचा कोपरा फुकट मिळालेला असतो. ‘इतकी वर्षे असेच चालले आहे, काही झाले नाही,’ हा अनुभवही खोटा नसतो. तथापि अग्निशामक दलाचे लोक दरवर्षी तीच गोष्ट सांगावयास का येतात, हे एकदा शांतपणे समजून घेणे प्रत्येक व्यापारी कुटुंबाच्या हिताचे आहे.

१४ एप्रिल १९४४

देशभर १४ ते २० एप्रिल हा आठवडा अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. त्यामागे मुंबई बंदरातील एक भीषण घटना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे मालवाहू जहाज कराचीमार्गे मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत येऊन लागले होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. सोन्याच्या विटा होत्या. आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपे, लाकूड व गंधक असा मालही होता. युद्धाच्या घाईत, उपलब्ध जागा भरून काढण्यासाठी, एरवी एकमेकांच्या जवळपासही ठेवू नयेत अशा वस्तू एकाच जहाजात भरण्यात आल्या होत्या.

१४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी त्या जहाजाच्या तळघरात कापूस धुमसू लागला. धूर दिसणे, तो गंभीरपणे घेतला जाणे आणि पुरेशी मदत पोहोचणे यांत मोलाचा वेळ गेला. अग्निशामक दलाचे जवान जहाजावर चढले, शेकडो टन पाणी आत सोडले. परंतु गाठींच्या थरांखाली दडलेले आगीचे मूळ सापडेना. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. गोदीतील जहाजे, लगतची गोदामे आणि मांडवीच्या बाजूची वस्ती आगीच्या तोंडी पडली. आग आटोक्यात आणावयास तीन दिवस लागले. शेकडो नागरिक प्राणास मुकले. कर्तव्यावर असलेले अग्निशामक दलाचे ६६ जण त्यात मरण पावले. त्यांच्याच स्मरणार्थ हा सप्ताह आहे.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर ही मालाच्या मांडणीची कथा आहे. कापूस, तेल व स्फोटके यांपैकी प्रत्येक वस्तू योग्य ठिकाणी, योग्य अंतरावर असती तर एका धुमसत्या गाठीवरून एवढा अनर्थ झाला नसता. कोणत्या मालाशेजारी कोणता माल ठेवावा, हा प्रश्न आज प्रत्येक गोदामात रोज उभा राहतो. कापडाच्या दुकानात थिनरचा डबा, कागदाच्या गोदामात अत्तराची खोकी, किराण्याच्या माळ्यावर कापूर आणि तेल एकत्र, ही त्याच चुकीची लहान रूपे आहेत.

माळ्यावर झोपलेली माणसे

मालाची गोष्ट येथे संपते आणि माणसांची सुरू होते. व्यापारी पेठांतील अनेक दुकानांत रात्री कामगार झोपतात. दूरच्या गावाहून आलेल्या तरुणाला शहरात खोली परवडत नाही. मालकालाही रात्री राखण मिळते. दोघांच्या सोयीची ही रीत जुनी आहे. पण शटर ओढलेले, दार एकच, आणि झोपण्याचा माळा भट्टीच्या किंवा मालाच्या वर, अशी रचना असेल तर त्या सोयीची किंमत कोणाला चुकवावी लागते, हे १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे मुंबईत दिसले. साकीनाका भागातील एका फरसाणाच्या दुकानाला आग लागली आणि आत झोपलेले १२ कामगार मृत्यू पावले. ८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे दिल्लीच्या अनाज मंडी भागातील एका इमारतीत, जेथे लहान कारखाने चालत व कामगार तेथेच झोपत, ४३ जणांचा बळी गेला.

अशा दुर्घटनांत पुष्कळदा ज्वाळेआधी धूर माणसाला गाठतो. बंद जागेत कापड, प्लॅस्टिक, फोम, पुठ्ठा जळू लागला की विषारी वायू तयार होतात. झोपलेल्या माणसाला त्यांचा वास येऊन जाग येईलच असे नाही. त्याआधीच तो बेशुद्ध होऊ शकतो. जाग आलीच तर त्याच्यापाशी फार थोडा वेळ उरतो, आणि त्या वेळात त्याला फक्त दोन गोष्टी हव्या असतात: आतून उघडणारे दार आणि मोकळा जिना. या दोन्ही गोष्टी त्याच्या हातात नसतात. त्या दुकानाच्या मालकाच्या हातात असतात.

म्हणून अग्निशामक अधिकारी सांगतात की जेथे माल साठवला जातो किंवा भट्टी चालते तेथे कोणालाही झोपू देऊ नये. तूर्त दुसरी व्यवस्था होत नसेल तर निदान त्या रात्रीपुरतेही बाहेरून कुलूप लावू नये, आतून सहज उघडेल असे दुसरे दार ठेवावे, धुराची सूचना देणारा गजर बसवावा आणि आत किती माणसे आहेत हे बाहेरच्या एका जबाबदार माणसाला ठाऊक असावे. ही तात्पुरती सोय झाली. कामगारांच्या निवाऱ्याची निराळी व्यवस्था करणे हेच मालकाचे खरे कर्तव्य आहे.

काळबादेवीची आठवण

मोकळ्या जिन्याची गरज आतल्या माणसाला बाहेर येण्यासाठी असते, तशीच बाहेरच्या माणसाला आत जाण्यासाठीही असते. आग लागलेल्या इमारतीतून सारे लोक खाली धावत असताना अग्निशामक दलाचा जवान पाठीवर श्वसनयंत्र व खांद्यावर पाण्याचा जड पाइप घेऊन वर चढत असतो. धुरात त्याला स्वतःचा हातही दिसत नाही. भिंतीला हात लावून, पायरी चाचपत तो जातो. त्या पायरीवर कोणीतरी ठेवलेला गठ्ठा त्याच्या वाटेत येतो.

मुंबईच्या व्यापारी समाजाने ९ मे २०१५ हा दिवस विसरता कामा नये. काळबादेवी येथील ‘गोकुळ निवास’ या जुन्या इमारतीला त्या दिवशी आग लागली. रहिवाशांना बाहेर काढण्यात आले; परंतु आगीशी झुंज चालू असताना इमारतीचा भाग कोसळला. अधिकारी संजय राणे व महेंद्र देसाई, उपप्रमुख अधिकारी सुधीर अमीन आणि मुंबई अग्निशामक दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर असे चार अधिकारी त्या आगीचे बळी ठरले. अमीन व नेसरीकर यांनी काही दिवस रुग्णालयात मृत्यूशी झुंज दिली. दलाचा प्रमुख स्वतः अशा इमारतीपाशी पुढे उभा होता, आणि ती इमारत व्यापाऱ्यांच्या पेठेत होती. पुढच्या वेळी एखादा अधिकारी ‘जिना मोकळा करा’ असे सांगू लागला तर त्याच्या तोंडून हे चौघेही बोलत आहेत, असे समजण्यास हरकत नाही.

कायदा कोणाला विचारतो?

आग विझवणे हे सरकारचे काम, तेव्हा आगीची काळजीही सरकारनेच करावी, असा समज सर्वत्र आढळतो. कायद्याचे म्हणणे निराळे आहे. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ या कायद्याने इमारतीतील अग्निसुरक्षेची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. जागा भाड्याची आहे, या सबबीने व्यापारी मोकळा होत नाही. जागा जो वापरतो तो भोगवटादार ठरतो.

ज्या इमारतींना हा कायदा लागू आहे तेथील अग्निशमन यंत्रणा चांगल्या स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घ्यावयाचे असते. ‘प्रपत्र ब’ या नावाने ओळखले जाणारे हे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करावे लागते. अधिकारी पाहणी करू शकतात, उणिवा आढळल्यास नोटीस देऊ शकतात आणि जीविताला धोका असल्यास जागा रिकामी करण्याचा आदेशही देऊ शकतात. कर व विवरणपत्रांच्या तारखा ज्यांच्या तोंडपाठ असतात त्या पेढ्यांना या दोन महिन्यांचे स्मरण ठेवणे अवघड नाही. मात्र कागद मिळाला म्हणजे काम संपले असे मानणे धोक्याचे आहे. संस्थेचा माणूस तपासणीला येतो तेव्हा मालकाने अर्धा तास काढून त्याच्याबरोबर फिरावे. पंप सुरू होतो का, पाइपात पाणी येते का, सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

विमा उतरवला आहे, हे समाधानही अपुरे आहे. विमा मालाची भरपाई देऊ शकतो. माळ्यावर झोपलेल्या मुलाच्या आईला द्यावयाचे उत्तर कोणत्याही पॉलिसीत लिहिलेले नसते.

दुकानात पाळावयाचे नियम

अधिकारी प्रात्यक्षिकात जे शिकवतात ते सोपे आहे. आगीला तीन गोष्टी लागतात: जळणारा पदार्थ, उष्णता आणि प्राणवायू. यांपैकी एक काढून घेतली की आग टिकत नाही. बाजारात जळणारा पदार्थ भरपूर असतो आणि हवा सर्वत्र असते. म्हणून व्यापाऱ्याने उष्णतेवर, म्हणजे मुख्यतः विजेवर, लक्ष ठेवावे. जुन्या वायरिंगवर नवी वातानुकूलन यंत्रे, एका खटक्यावर चार जोडण्या, सैल प्लग व त्याभोवती काळपट डाग ही पुढच्या आगीची चिन्हे आहेत. जाणकार वीजतंत्रीकडून वायरिंग तपासून घ्यावे. दुकान बंद करताना मुख्य खटका बंद करावा. कॅमेरा किंवा शीतकपाट चालू ठेवावयाचे असल्यास त्याची जोडणी वेगळी असावी. मीटरच्या खोलीत काहीही ठेवू नये. विजेवर चालणारी दुचाकी जिन्याखाली किंवा वाटेत लावून रात्रभर चार्ज करू नये.

आग विझवण्याचा सिलिंडर दाराजवळ, हाताला येईल असा टांगावा. मालाच्या मागे ठेवलेला सिलिंडर वेळेवर सापडत नाही. तो वापरताना आधी पिन ओढावी, नळी ज्वाळेच्या शेंड्याकडे न धरता तिच्या बुडाकडे धरावी, मूठ दाबावी आणि फवारा डावी-उजवीकडे फिरवावा. लहान सिलिंडर काही सेकंदांत रिकामा होतो, म्हणून तो केवळ प्रारंभीच्या लहान आगीसाठी आहे. आपली पाठ बाहेरच्या दाराकडे असेल आणि कोणीतरी १०१ क्रमांकावर कळवले असेल तरच विझवण्याचा प्रयत्न करावा. विजेच्या उपकरणाला आग लागल्यास प्रथम वीजपुरवठा तोडावा. पाणी मारू नये.

१०१ वर बोलताना पुष्कळांची घाबरगुंडी उडते. पूर्ण पत्ता, जवळची ठळक खूण, काय जळत आहे, आत कोणी अडकले आहे का, आणि मोठी गाडी कोणत्या रस्त्याने आत येऊ शकेल, एवढे सांगावे व समोरच्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवू नये. हा मजकूर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवला तर नवा नोकरही तो वाचून दाखवू शकेल. गाडी निघाली की गल्लीच्या तोंडाशी एक माणूस उभा करावा आणि हातगाड्या, टेम्पो बाजूला घ्यावेत.

घर आणि मंडप

घरातील शिकवणही याच धर्तीची आहे. कढईतील तेल पेटले तर गॅस बंद करून कढईवर झाकण सरकवावे. त्यावर पाणी ओतल्यास पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते तेल चहूकडे उडते. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. त्याचा वास आल्यास विजेचा कोणताही खटका चालू किंवा बंद करू नये, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर येऊन १९०६ क्रमांकावर कळवावे. कपड्यांनी पेट घेतल्यास धावू नये. जमिनीवर आडवे होऊन लोळावे. भाजलेल्या जागेवर साधे थंड पाणी वीस मिनिटे वाहू द्यावे. हळद, तूप, टूथपेस्ट लावू नये.

जिन्यात धूर असेल तर घराचे दार बंद करून फटींना ओली वस्त्रे लावावीत, खिडकीपाशी येऊन हाक द्यावी. धुरातून जाणे भागच पडले तर रांगत जावे, कारण जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात स्वच्छ असते. लिफ्ट वापरू नये. खिडक्यांना पक्क्या जाळ्या बसवताना एक भाग उघडणारा ठेवावा व त्याची किल्ली घरातील सर्वांना, मुलांनाही, माहीत असावी. उंच इमारतीतील आश्रयमजला हा सोसायटीचा माळा नव्हे. जुने फर्निचर तेथे ठेवू नये.

लग्नकार्य व समारंभांचे मंडप हा आणखी एक विषय. पडदे, कापडी छत आणि सजावटीच्या दिव्यांच्या तारा यांच्या सान्निध्यात शेकडो माणसे बसलेली असतात. ज्या दारातून पाहुणे आत येतात त्याशिवाय आणखी रुंद दारे असावीत व ती पडद्यांनी झाकलेली नसावीत. स्वयंपाक व जनरेटर मंडपापासून दूर असावेत. सत्काराच्या यादीबरोबरच आगीच्या वेळी कोणी कोणते दार सांभाळावयाचे याची यादीही कार्यकर्त्यांनी करावी.

हे सारे नियम मुलांना लवकर पाठ होतात. शाळेत अग्निशामक दलाचे प्रात्यक्षिक पाहून आलेले मूल घरी येऊन जाळीची किल्ली कोठे आहे असे विचारते, तेव्हा त्याला ‘आधी अभ्यास कर’ असे न म्हणता किल्ली दाखवावी. घरातील आजी-आजोबांना कोण हाताला धरून नेणार आणि खाली उतरल्यावर सर्वांनी कोठे जमावयाचे, हे एखाद्या रविवारी जेवणानंतर ठरवून टाकावे. त्यास दहा मिनिटेही लागत नाहीत.

व्यापारी घराण्यांत ३१ मार्चला मालाची मोजदाद होते. कोणता माल कोठे आहे, किती आहे, किती खराब झाला, हे सारे त्या वेळी कागदावर उतरते. जिन्यातील खोकीही त्या यादीत येतात. तीच वेळ जिना रिकामा करण्याची आहे. विकला न जाणारा माल काढून टाकावा, उरलेल्यासाठी भाड्याने का होईना जागा घ्यावी आणि ते भाडे धंद्याच्या खर्चात धरावे. त्यानंतर दोनच आठवड्यांनी लाल गाडी बाजाराच्या तोंडाशी येईल. त्या वेळी मालकाने गादीवरून उठावे, प्रात्यक्षिकातील सिलिंडर स्वतः हाती घ्यावा आणि ते आटोपल्यावर अधिकाऱ्यांना आपल्या इमारतीच्या जिन्याने शेवटच्या माळ्यापर्यंत घेऊन जावे.